धर्मग्रामातली मदत पुढच्या आठवड्यापर्यंत कशी टिकवावी

1617 सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या शातियाँ या छोट्या गावात धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, तयारी करत होते. तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत, करायला कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट लोकांना सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेवर जाणाऱ्या-येणाऱ्यांची रीघ लागलेली. त्या एका दिवसात त्या घरात एवढं अन्न आलं की त्यातलं बरंचसं नासणार आणि थोड्याच दिवसांत ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे त्यांनी ओळखलं. गावात माया भरपूर होती, पण तिला घडी नव्हती. काही दिवसांतच त्यांनी गावातल्या स्त्रियांना एकत्र बसवलं आणि पाळ्या लावून दिल्या. आज कोण, उद्या कोण, हे ठरलं.

आजही धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समुदायाच्या, सेवेत चुकतं ते इथंच. सणाला एखादं घर भरून जातं आणि दोन महिन्यांनी त्याच घरात औषधाला पैसे नसतात. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहायचा आहे: पुढच्या आठवड्याचं काय?

सुरुवात माणसांपासून

गरजूंची काळजी ही फादरांची मर्जी नाही, ती त्यांची जबाबदारी आहे. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम 529 प्रमुख धर्मगुरूंना गरीब, पीडित, एकाकी आणि आपल्या देशापासून दुरावलेल्या लोकांना शोधून काढायला सांगतं. ‘शोधून काढा’ असं म्हटलंय, ‘आले तर बघा’ असं नाही. कलम 222 हीच जबाबदारी सगळ्या भाविकांवर टाकतं. आणि 2012 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बिशपांना सांगितलं, की प्रत्येक धर्मग्रामात कारितासची, म्हणजे चर्चच्या मदतकार्याची, स्थानिक सेवा उभी राहील असं पाहा.

पहिला गट सहा ते आठ जणांचा पुरे. यापेक्षा मोठा गट झाला की सभा होतात, भेटी होत नाहीत. या सहा-आठ जणांत कोण असावं, याला महत्त्व आहे. हिशेब काटेकोर ठेवणारं एक जण हवं. दवाखान्याची भाषा कळणारं, म्हणजे नर्स किंवा औषधांच्या दुकानात काम केलेलं एक जण हवं. सरकारी योजना आणि कागदपत्रं यांची माहिती असणारं एक जण हवंच, कारण बऱ्याच घरांची अडचण ‘हक्काचं पेन्शन एका कागदावाचून अडलंय’ इतकीच असते आणि त्यावर वर्षभर किराणा देत राहणं हे उत्तर होत नाही. शिवाय ज्यांनी स्वतः कधी मदत घेतली आहे असं निदान एक माणूस असू द्या. दारात उभं राहून मागणं काय असतं, हे बाकीच्यांना तो सांगू शकतो.

पैसे किंवा वस्तू एकट्या फादरांच्या हातून वाटल्या जाऊ नयेत. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. रोज दारावर येणारा माणूस त्यांना पाहून खिशाचा हिशेब करू लागला, की त्यांच्यापाशी मन मोकळं करण्याची वाट बंद होते. आणखी एक कारण आहे. पापनिवेदनात, म्हणजे माणूस आपली पापं धर्मगुरूंना गुप्तपणे सांगतो तेव्हा, कळलेली कोणतीही गोष्ट धर्मगुरूंना कारभारासाठी वापरता येत नाही, सूचनेच्या रूपानेही नाही. त्यामुळे ‘फादर, त्या घरचं तुम्हाला काही माहीत आहे का?’ असं सभेत कधीच विचारू नका.

तुमच्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची कॉन्फरन्स, म्हणजे तिचा स्थानिक गट, असेल तर नवा गट काढायची गरज नाही, तिलाच बळ द्या. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी ही सोसायटी सुरू केली तेव्हा ओझानाम वीस वर्षांचे होते. गरिबाच्या घरी जायचं कसं, हे त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवलं. जोडीनं घरी जाऊन भेटणं हीच तिची आजही मूळ पद्धत आहे.

न मागणाऱ्याला शोधणं

जे मागतात त्यांची यादी आपोआप होते. खरी मेहनत न मागणाऱ्यांसाठी करावी लागते. धर्मग्रामाचा नकाशा घ्या, त्याचे भाग पाडा आणि प्रत्येक भागात एकेक माणूस नेमा. त्यानं महिन्यातून एकदा आपल्या भागातल्या घरांवरून मनातल्या मनात फिरून चार प्रश्न स्वतःला विचारायचे: मिस्सेला नेहमी येणारं कोण यायचं थांबलं? कुणाच्या घरी मृत्यू झाला? कुणाचं काम गेलं? कुणाचं मूल धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईनासं झालं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घर कोलमडायला लागलं की पहिली खूण बहुतेक वेळा मुलांकडेच दिसते.

आपल्या नजरेतून कोण सुटतं, हेही माहीत असायला हवं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच ख्रिस्तसमुदायातलं भांडण नोंदलेलं आहे: ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. वाटप चालू होतं, हेतू चांगला होता, तरी वेगळी भाषा बोलणाऱ्या बायका सुटल्या. प्रेषितांनी त्यावर सात जणांना नेमलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांनाच वाटप सोपवलं गेलं असं त्यावरून दिसतं. तुमच्या धर्मग्रामात कामासाठी बाहेरून आलेली, वेगळी भाषा बोलणारी कुटुंबं असतील, तर त्यांच्यातलंच एक माणूस गटात घ्या. दुभाषा नेऊन ती उणीव भरून निघत नाही.

शोधताना कॅथलिक-बिगरकॅथलिक असा भेद करायचा नाही. धर्मग्रामाच्या हद्दीत राहणारं प्रत्येक गरजू माणूस या सेवेत येतं. आणि मदतीच्या बदल्यात कुणी मिस्सेला यावं, प्रार्थनेला बसावं अशी साधी अपेक्षाही व्यक्त करायची नाही. 2005 च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रात पोप बेनेडिक्ट यांनी स्पष्ट लिहिलंय, की प्रेम फुकट दिलं जातं, दुसरं काही साधायचं साधन म्हणून ते वापरता येत नाही.

पहिली भेट

भेटीला नेहमी दोघांनी जायचं. एकट्यानं गेलं तर गैरसमजाला जागा राहते, तिघं गेले तर ती चौकशी वाटते. दोघांपैकी निदान एक स्त्री असावी. आधी निरोप द्या, वेळ त्या घराच्या सोयीची ठेवा. पहिल्या भेटीत हातात पिशवी नेऊ नका. पिशवी नेली की सगळं बोलणं त्या पिशवीभोवती फिरतं. घरात खायलाच नाही असं आधीच कळलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी अन्न, बाकी सगळं नंतर.

बसायला सांगतील तिथं बसा. पाणी देतील ते घ्या. नाही म्हणणं म्हणजे त्यांच्याकडे देण्यासारखं काहीच नाही असं म्हणण्यासारखं होतं. नजर घरभर फिरवू नका. फोन खिशात ठेवा, वही सुद्धा बाहेर काढू नका. ‘काय हवंय?’ या प्रश्नानं सुरुवात केली तर माणूस एक तर संकोचून काहीच सांगत नाही, किंवा तुम्ही काय देऊ शकाल याचा अंदाज घेऊन तेवढंच सांगतो. त्याऐवजी ‘मागचा आठवडा कसा गेला?’ असं विचारा. मागच्या आठवड्याच्या वर्णनात भाडं, झोप, औषधाची चुकलेली गोळी, शाळेतून आलेली चिठ्ठी सगळं आपसूक येतं. मग हळूच विचारा: घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, नियमित औषधं कुणाला, कर्ज कुणाचं, नातेवाइकांपैकी कोण येतं-जातं, आणि ‘यातलं सगळ्यात आधी काय सुटलं तर बरं वाटेल?’

हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. बाहेरून पाहणाऱ्याला छप्पर दिसतं, त्या बाईला मात्र मुलीच्या परीक्षेची फी छळत असते.

अर्ध्या-पाऊण तासात उठा. तिथल्या तिथं कसलंही आश्वासन देऊ नका. ‘आम्ही बोलून परवापर्यंत कळवतो’ एवढंच म्हणा आणि परवा म्हणजे परवाच कळवा, उत्तर ‘नाही’ असलं तरी. कळवायला उशीर झाला तर नकारापेक्षाही जास्त दुखतं.

बाहेर पडल्यावर, त्याच दिवशी, नोंद करा. वहीचं एक पान एका घराला. वर घराचा क्रमांक, नाव नाही. नाव आणि क्रमांक यांची जोडयादी वेगळी, कुलपात. पानावर तारीख, कोण गेलं, घरात किती माणसं, काय कळलं, घरच्यांनी सगळ्यात आधी काय मागितलं, काय ठरलं, कुणी करायचं आणि पुढची भेट कधी. पुढच्या भेटीची तारीख नसलेलं पान अपुरं समजा. ज्याचा नुसता अंदाज बांधला ते मत (‘दारू पीत असावा’) आणि जे पाहिलं ते (‘दुपारी तीनला झोपलेला होता, उठला नाही’) वेगळं लिहा. पहिलं शक्यतो लिहूच नका.

निर्णय आणि पैसा

गटानं आठवड्याला एकदा, तासभर बसावं. पंधरा दिवसांवर गेलं की तातडीच्या गोष्टी फोनवर ठरू लागतात आणि मग एकच माणूस सगळं ठरवतो. समोर आलेली गरज तीन प्रकारांत टाका. आजच्या आज भागवायची: अन्न, औषध, रात्रीचा आसरा. काही आठवड्यांची: काम मिळेपर्यंत, हाडं जुळेपर्यंत, कागद मिळेपर्यंत. आणि वर्षानुवर्षांची: एकटं म्हातारपण, कायमचं अपंगत्व, मानसिक आजार. पहिल्या प्रकारासाठी दोघा सदस्यांकडे ठरावीक रोख रक्कम असू द्या, साधारण एका कुटुंबाच्या आठवड्याच्या खर्चाएवढी. ती वापरायला सभेची वाट पाहायची नाही, फक्त पुढच्या सभेत हिशेब द्यायचा. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीलाच मुदत सांगा: ‘तीन महिने, मग पुन्हा बसून बोलू.’ तिसऱ्या प्रकारात पैशापेक्षा माणसं लागतात. त्यांची पाळी लावा.

रोख द्यावी की बिल परस्पर भरावं, यावर वाद होतो. भाडं, वीज, फी परस्पर भरणं हिशेबाला सोपं पडतं. पण घरमालकाला किंवा शाळेला चर्चची पावती गेली, की त्या कुटुंबाची अडचण चारचौघांत जाते. म्हणून आधी त्यांनाच विचारा. बहुतेक माणसं हातात आलेले पैसे सांगितलेल्या कामालाच वापरतात. व्यसन किंवा घरातली जबरदस्ती असेल तिथं मात्र रोख देऊ नका, वस्तू द्या, आणि त्या घरातल्या बाईच्या हाती.

कर्ज देऊ नका. यावर आमचं मत ठाम आहे. ‘जमेल तसे परत करा’ म्हणून दिलेले पैसे परत आले नाहीत, की घेणारा माणूस फादरांना टाळतो, मग मिस्सा टाळतो. द्यायचं असेल तर देऊन टाका. परवडत नसेल तर कमी द्या.

या कामाचा निधी वेगळा ठेवा. कलम 1267 सांगतं, की भाविकांनी ठरावीक हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं. गरिबांसाठीच्या पेटीतून छपराची दुरुस्ती होत नाही, तात्पुरती उसनवारीही नको. कलम 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी. तिनं हा हिशेब तीन महिन्यांनी तपासावा. पेटी नेहमी दोघांनी, शक्यतो नात्यातल्या नसलेल्या दोघांनी उघडायची, तिथंच मोजायची, दोघांनी सही करायची. वर्षातून एकदा चर्चमध्ये आकडे जाहीर करा: इतके आले, इतके औषधांना, इतके भाड्याला गेले. नावं कधीच नाहीत, ‘अमुक वाडीतल्या एका विधवेला’ असंही नाही. लहान वस्तीत तेवढ्यावरून ओळख पटते.

दान मागताना सणाच्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम जास्त कामाची. इसवी सन 155 च्या सुमाराला जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकानं रोमच्या सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात हीच पद्धत दिसते: दर रविवारी ज्याला शक्य आहे तो आपल्या इच्छेनं देतो, ते समुदायप्रमुखाकडे जमा होतं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांना मदत होते. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आणि 2017 पासून पाळल्या जाणाऱ्या जागतिक गरीब दिनाला जादा जमलं, तर ते लगेच वाटून संपवू नका. निदान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक कायम हाताशी असावी.

वस्तूंचं कपाट ठेवणार असाल तर थोडक्यात: जुनं पुढे, नवं मागे. मुदत संपलेलं किंवा फाटलेलं काहीही पुढे द्यायचं नाही. मागवताना नेमकं काय हवं ते फलकावर लिहायचं, नाही तर सगळे जुने कपडेच आणतात.

आजारी माणसाच्या घरी

शातियाँच्या त्या स्त्रियांसाठी व्हिन्सेंट यांनी लिहिलेल्या नियमावलीत एक सूचना आहे: जेवण देताना ज्याच्यापाशी कुणी आहे त्याच्यापासून सुरुवात करा आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जा, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. भेटींचा क्रम लावताना आजही हेच करा.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, घरी न्यायचा असेल, तर आदल्या दिवशी घरच्यांना सांगून ठेवा: पलंगाजवळ लहान टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही. ख्रिस्तप्रसादाची डबी गळ्यातल्या पिशवीत असते. ती घेऊन निघालं की वाटेत दुकान नाही, गप्पा नाहीत. आजाऱ्याला गिळता येतं का, हे आधीच विचारून घ्या. त्रास होत असेल तर अगदी लहान तुकडा जिभेवर ठेवा आणि लगेच चमचाभर पाणी द्या. गिळलं की नाही हे शांतपणे पाहा. मुळीच गिळता येत नसेल तर फादरांना सांगा, द्राक्षारसाच्या रूपात देण्याची सोय त्यांना करता येते. तासभर उपवासाचा नियम आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही. हे घरच्यांना मुद्दाम सांगा, कारण कित्येक म्हाताऱ्या बाया नाश्ता न करता, मधुमेहाची गोळी अडवून वाट पाहत बसतात. उरलेला ख्रिस्तप्रसाद सरळ चर्चमध्ये परत न्यायचा.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना, फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. हा संस्कार म्हणजे मरणाचा निरोप, असं समजून घरचे शेवटच्या तासापर्यंत फादरांना बोलावत नाहीत. गंभीर आजार निघाला, मोठं ऑपरेशन ठरलं, वार्धक्यानं ताकद संपत चालली, एवढं कारण पुरतं. दुखणं बळावलं तर पुन्हाही घेता येतो. लवकर बोलावलं तर माणूस शुद्धीत असतो, पापनिवेदन करू शकतो, स्वतः ‘आमेन’ म्हणू शकतो. अखेरच्या घटकेसाठी खास आहे तो ख्रिस्तप्रसाद, व्हियाटिकम, म्हणजेच वाटेवरची शिदोरी.

मग मृत्यू. कलम 1181 प्रमाणे गरिबी म्हणून कुणाची अंत्यविधीची आबाळ होता कामा नये, तेव्हा पैशाचा विषय त्या घरात काढूच नका. पहिल्या आठवड्यात माणसांची गर्दी असते, तिथं तुमची फारशी गरज नसते. चौथ्या ते आठव्या आठवड्यात घर सामसूम होतं आणि बँकेचे, पेन्शनचे, वारसाचे कागद समोर येतात. भेटीच्या दोन तारखा तेव्हाच्या टाका.

जिथं हात आखडायचा नाही आणि जिथं एकट्यानं पुढं जायचं नाही

मुलाशी गैरवर्तन झाल्याचा संशय आला, तर गटात चर्चा करून ‘घरातल्या घरात’ मिटवू नका. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या, बालसुरक्षा कार्यालयाला आणि सरकारी यंत्रणेला लगेच कळवा. कोणताही सेवक मुलासोबत बंद दारामागे एकटा असता कामा नये. नवरा मारतो असं बाईनं सांगितलं, तर दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका. तुम्ही निघून गेल्यावर तिलाच जास्त मार बसतो. तिच्या सुरक्षित जागेची आधी सोय करा. जगणं नको असं कुणी बोललं तर सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरकडे नेणं त्यावर सोडू नका.

कुणी फसवलं असं निघालं तर एकदा चिडायला होतं. पण तेवढ्यासाठी सगळ्यांना जाचक अर्ज आणि पुरावे सुरू करू नका. त्या एका घरापुरती पद्धत बदला. एका जोडीकडे पाच-सहा घरांपेक्षा जास्त देऊ नका, आणि वर्षातून महिनाभर प्रत्येकाला सुट्टी द्या. थकलेला सेवक आधी चिडचिडा होतो, मग कडक होतो. वाटप करतानाचे फोटो काढायचे नाहीत, देणाऱ्यानं मागितले तरी नाहीत.

मुदत संपत आली की दोन आठवडे आधी घरी जाऊन सांगा. मदत थांबली तरी पान बंद करू नका. तीन महिन्यांनंतरची एक तारीख टाका आणि त्या दिवशी काहीही न नेता, नुसतं भेटायला जा. जमेल तेव्हा त्यांच्याकडूनही काही मागा: रविवारचं वाचन, कपाटाची किल्ली सांभाळणं, शेजारच्या आजारी म्हातारीला मिस्सेला घेऊन येणं.